काळा गुरुवार ते काळा उन्हाळा

वणव्याचा विषय निघाला की गावातले एखादे जाणते गृहस्थ हटकून म्हणतात, "वणवे काय आजचे आहेत? आमच्या आज्याच्या काळीही डोंगर जळतच होते की!" हे म्हणणे खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड आहे. पृथ्वी तापते आहे, त्यामुळे वणव्यांचा धोका वाढतो आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग पृथ्वी तापण्यापूर्वीचे वणवे कशाने पेटत होते? प्रश्न इतिहासाचा आहे; तेव्हा त्याचे उत्तरही जुनी दप्तरे चाळूनच शोधले पाहिजे.

त्यासाठी मी आपल्याला ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या व्हिक्टोरिया राज्यात नेणार आहे. हे राज्य आपल्या महाराष्ट्राहून थोडे लहान. मेलबर्न ही त्याची राजधानी. आता पुष्कळ मराठी कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत, त्यामुळे हे नाव खेड्यापाड्यांतही ओळखीचे झाले आहे. पण हे राज्य निवडण्याचे कारण वेगळे. एक तर ते जगातल्या सर्वांत जळाऊ मुलखांपैकी एक आहे. आणि दुसरे म्हणजे, तिथल्या लोकांना मोठी आग लागून गेली की चौकशी बसवण्याची, जबान्या घेण्याची आणि त्या छापून ठेवण्याची सवय आहे. इतिहासाच्या माणसाला आणखी काय हवे?

आधी तिथला ऋतू ध्यानात घ्या. तो गोलार्ध दक्षिणेचा, म्हणून आपण तिळगूळ वाटतो त्या दिवसांत तिथे भर उन्हाळा. उत्तरेला देशाचा तापलेला, कोरडा, वाळवंटी अंतर्भाग. दक्षिणेला थंड समुद्र. उन्हाळ्यातल्या वाईट दिवशी उत्तरेकडून भट्टीसारखा वारा सुटतो, आणि संध्याकाळच्या सुमारास तो एकाएकी फिरून नैर्ऋत्येकडून थंड वाहू लागतो. परक्या माणसाला वाटेल, सुटलो! पण तिथली माणसे याच घटकेला सर्वांत अधिक भितात. कारण तोवर आग एका लांबट पट्ट्यासारखी पुढे धावत असते. वारा आडवा फिरला की त्या पट्ट्याची संबंध बाजूच तोंड बनते, आणि चार-पाच किलोमीटरची आघाडी तासाभरात चाळीस-पन्नास किलोमीटरची होऊ शकते. शिवाय रान बहुतेक नीलगिरीच्या जातींचे. पानांत तेल, आणि खोडावर सालीच्या लोंबणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या पेटतात, वाऱ्याबरोबर उडतात आणि मुख्य आगीच्या कितीतरी पुढे जाऊन नवी आग लावतात.

आता दप्तर उघडू. पहिले मोठे पान 6 फेब्रुवारी 1851 चे. त्याला 'काळा गुरुवार' म्हणतात. राज्याचा सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास मुलूख जळाला असा अंदाज आहे. बारा माणसे आणि कोणी म्हणतात दहा लाख मेंढ्या मेल्या. मेलबर्नमध्ये पारा 117 फॅरनहाइटवर, म्हणजे 47 सेल्सिअसच्या वर गेला अशी नोंद आहे. पण त्या काळी उष्णतामापक कुठे आणि कसा टांगावा याचा नियम ठरलेला नव्हता, तेव्हा त्या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. विल्यम स्ट्रट या चित्रकाराने पुढे 1864 मध्ये या दिवसाचे भले मोठे चित्र रंगवले. माणसे, घोडे, गुरे, सारी एकाच दिशेने जीव घेऊन पळताहेत.

वाचकांपैकी कोणी इथेच मला थांबवतील. पन्नास लाख हेक्टर, आणि तेही 1851 साली! तेव्हा ना मोटारी, ना विमाने. मग हवामानबदलाची गोष्ट कशाला?

आक्षेप रास्त आहे. पण केवळ हेक्टर मोजून इतिहास होत नाही. काय जळाले आणि कोणत्या परिस्थितीत जळाले, हे पाहावे लागते. 1851 मध्ये पुष्कळसे माळरान आणि मोकळे रान जळाले. त्याच्या आधीची पंधरा-सोळा वर्षे तो मुलूख मेंढपाळ वसाहतवाल्यांच्या हाती गेला होता, आणि तिथले मूळ रहिवासी देशोधडीला लागले होते. हे मूळ लोक हजारो वर्षे थंड हवेत, लहान लहान तुकड्यांत, जमिनीलगत सरपटणारी आग लावून रान राखत असत. आपल्या मावळात, कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तेव्हा शेतकरी वारा पाहतो, वेळ पाहतो, कडा झाडून घेतो. उद्देश निराळा, पण आगीला हाताळण्याची जाण तीच. ही जाण असलेली माणसे गेली आणि जमिनीवर जळण साठू लागले. म्हणजे हवामानाचा प्रश्न येण्यापूर्वीच माणसाने एक घडी विस्कटली होती, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसरे पान 13 जानेवारी 1939 चे, 'काळा शुक्रवार'. याच्या आधी लांबलेले अवर्षण होते. त्या दिवशी मेलबर्नमध्ये 45.6 अंश उष्णता होती. एकाहत्तर माणसे गेली, जवळजवळ वीस लाख हेक्टर जळाले. डोंगरातल्या लाकूड कापायच्या एकोणसत्तर गिरण्या राख झाल्या. या गिरण्यांत काम करणारे मजूर कुटुंबांसह रानाच्या पोटातच राहत. काही ठिकाणी आगीपासून लपायला जमिनीत भुयारे खणली होती, तोंडाशी ओली घोंगडी टांगून माणसे आत बसली आणि वाचली. काही ठिकाणी मालकांनी भुयार खणायचा खर्च केलाच नव्हता. तिथे काय झाले ते सांगायला नको.

चौकशीसाठी न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांची नेमणूक झाली. त्यांच्या अहवालाची भाषा धारदार आहे. त्यांचा निष्कर्ष असा की या आगी आभाळातून पडल्या नव्हत्या. चराईसाठी, रान साफ करण्यासाठी, निष्काळजीपणाने माणसांनीच त्या लावल्या होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. रानात जन्म काढलेल्या अनुभवी माणसांनाही येणाऱ्या आगीचा अंदाज आला नाही, कारण त्यांचा अनुभव एका आयुष्याएवढाच होता. अशी आग ओळखायला तो पुरा पडला नाही.

योगायोग पाहा. त्या आगीच्या अवघे वर्षभर आधी, 1938 मध्ये, लंडनला गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या यंत्रांच्या एका इंजिनिअरने हवामानशास्त्रज्ञांच्या सभेपुढे एक निबंध वाचला. जगभरच्या वेधशाळांचे जुने आकडे गोळा करून तो म्हणाला, की पृथ्वी किंचित तापू लागली आहे आणि कोळसा जाळल्याने हवेत वाढणारा कार्बन डायऑक्साइड हे त्याचे एक कारण आहे. सभेतल्या थोरामोठ्यांना ते फारसे पटले नाही. खुद्द कॅलेंडरलाही त्यात धोका वाटला नाही. थंड देशांना थोडी ऊब मिळेल, शेती सुधारेल, असेच त्याचे मत होते. लंडनचा तो निबंध आणि मेलबर्नचा तो अहवाल यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. स्ट्रेटन यांनी ठिणगी टाकणारा हात शोधला. रान वाळवणारा हातही माणसाचाच असू शकतो, हे समजायला अजून अर्धे शतक जायचे होते.

1939 च्या आगीचे आणखी एक स्मारक आहे, आणि ते दगडाचे नाही. पुढे ॲलन मॅकार्थर या वनशास्त्रज्ञाने शेकडो लहान आगी मुद्दाम लावून, त्यांचा वेग मोजून, वणव्याच्या धोक्याचे एक गणित बसवले. उष्णता किती, हवेत दमटपणा किती, वारा किती आणि जमीन किती दिवस तहानलेली, या चार गोष्टींवरून एक आकडा काढायचा. गोल चकतीच्या साध्या मापपट्टीवर तो निघे. या मापात 100 हा आकडा कशाला द्यावा? त्याने तो 1939 च्या काळ्या शुक्रवाराला दिला. याहून वाईट दिवस बहुधा असणार नाही, अशी ती कल्पना होती. खेड्यांच्या वेशीवर अर्धवर्तुळाचे रंगीत फलक लागले, आणि रोजचा काटा किती वर आहे ते वाटसरूला दिसू लागले.

हे माप पुरेसे ठरले ते 2009 पर्यंत. मधे 16 फेब्रुवारी 1983 ला व्हिक्टोरिया आणि शेजारचे साउथ ऑस्ट्रेलिया मिळून पंच्याहत्तर माणसे वणव्यात गेली होती. पण 7 फेब्रुवारी 2009 चा 'काळा शनिवार' निराळाच उगवला. आदल्या पंधरवड्यात मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस उष्णता 43 अंशांच्या वर राहिली होती. नुसत्या त्या उष्म्यानेच राज्यात नेहमीपेक्षा 374 मृत्यू जास्त झाले. आगीत मेले त्यांच्या दुपटीहून जास्त, पण हे कुणाला आठवत नाही. मग शनिवारी पारा 46.4 वर गेला, शहराचा 1939 चा उच्चांक मोडला. दमटपणा शेकडा दहाच्याही खाली. किलमोर ईस्ट इथे विजेची एक जुनी तार तुटली, ठिणगी पडली, आणि संध्याकाळी वारा फिरला तेव्हा ती आग किंगलेकच्या डोंगरगावांवर चालून गेली. त्या दिवसाचे एकूण बळी 173. त्यांतले 119 या एकाच आगीचे. मॅकार्थरच्या मापावर कित्येक ठिकाणी काटा शंभराच्या पुष्कळ पलीकडे गेला होता. म्हणून नंतर फलकावर आणखी एक रंग वाढवावा लागला.

आता शंभराच्या पलीकडे काटा जातो कसा, हे समजून घेऊ. इथे शास्त्राची एकच गोष्ट पुरे. घरातल्या बाईमाणसांना विचारा, पापड-कुरडया कधी चांगल्या वाळतात? कोकणात ऊन असूनही वाळवण रेंगाळते, आणि नागपूरकडे वैशाखात पाहता पाहता कडकडीत होते. म्हणजे काम नुसत्या उन्हाचे नाही, हवेच्या तहानेचे आहे. हवा एक अंशाने तापली की तिची पाण्याची वाफ सामावून घेण्याची ताकद शेकडा सातने वाढते. तेवढी वाफ तिला मिळाली नाही, तर ती तहान जमिनीवर, पानांवर, पालापाचोळ्यावर निघते. ऑस्ट्रेलियाची हवा 1910 पासून सुमारे दीड अंशाने तापली आहे. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटते. पण रोजच्या तापमानाची सारी माळच दीड अंशाने वर उचलली, तर पूर्वी क्वचित येणारे टोकाचे दिवस आता वारंवार येतात. त्यात आग्नेय भागात एप्रिल ते ऑक्टोबरचा, म्हणजे रान भिजवून ठेवणारा पाऊस 1994 पासून सुमारे शेकडा नऊने घटला आहे. पूर्वी दऱ्याखोऱ्यांतला ओलावा आगीला आपोआप अडवत असे; त्या ओल्या भिंतीच वाळल्या की आग एका डोंगरावरून दुसऱ्यावर बेधडक जाते. रात्र थंड नसली की रात्रीही आग झोपत नाही.

हे सारे घडून गेल्यावर सुचलेले शहाणपण आहे असे मात्र समजू नका. 2008 मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉस गार्नो यांनी तिथल्या सरकारांसाठी जो अहवाल लिहिला, त्यात स्पष्ट म्हटले होते की वणव्यांचा ऋतू लवकर सुरू होईल, उशिरा संपेल, आगी तीव्र होतील. आणि हा फरक 2020 च्या सुमारास उघड्या डोळ्यांना दिसेल.

2019 साल उजाडले. ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतले ते सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे साल. याच सालाची दुसरी बाजू आपण भोगली आहे. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग, म्हणजे आफ्रिकेकडचा, नेहमीपेक्षा तापला होता आणि ऑस्ट्रेलियाकडचा पूर्व भाग थंड राहिला होता. असे झाले की पाऊस पश्चिमेकडे ओढला जातो. आपल्याकडे मॉन्सून सरासरीच्या शेकडा 110 झाला आणि निघायलाच तयार होईना. 9 ऑक्टोबरला त्याने परतीची वाट धरली, नोंदींतली सर्वांत उशिराची. पुढे अवकाळी पावसाने नाशिककडचा कांदा सडला आणि डिसेंबरात तो बाजारात शंभर रुपये किलोवर गेला, हे आपल्याला आठवत असेल. इथे शेतात पाणी साचले होते, तेव्हा त्याच समुद्राच्या दुसऱ्या काठावर रान काडेपेटीसारखे कोरडे होत होते. आपला पाऊस उशिरा परतला, म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियाचा पाऊसही रखडला. समुद्राचा हा झोका जुनाच आहे, माणसाने तो निर्माण केलेला नाही; पण तो आता तापलेल्या हवेत झुलतो.

आगी पेटल्या त्या उन्हाळ्याची वाट न पाहता, वसंतातच. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यू साउथ वेल्समध्ये विजेने पेटलेली एकच आग पाच लाख हेक्टरांहून अधिक रान खाऊन गेली. 31 डिसेंबरला व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटा या समुद्रकाठच्या गावी सुमारे चार हजार माणसे वाळूवर, पाण्याच्या कडेला जमा झाली होती. भर सकाळी आभाळ काळेमिट्ट आणि मग तांबडे झाले. रस्ते बंद, म्हणून पुढे नौदलाच्या जहाजातून हजारावर लोकांना बाहेर काढले. या आगींनी स्वतःचे हवामान तयार केले. धुराचे ढग इतके उंच चढले की त्यांतून विजा पडल्या आणि नव्या आगी लागल्या. एका ठिकाणी आगीच्या भोवऱ्याने अग्निशामक मोटार उलटवली, तीत एक जवान गेला. आगीत थेट मेलेली माणसे तेहतीस. धुराने मेलेल्यांचा अंदाज चारशेच्या वर. तो धूर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. देशभरात मिळून सुमारे 2 कोटी 40 लाख हेक्टर जळाले, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक. पूर्व किनाऱ्यालगतच्या रुंदपर्णी जंगलांत एरवी वर्षाला शेकडा दोनही जळत नाहीत. त्या मोसमात शेकडा वीसहून अधिक जळाले. या मोसमाला नाव पडले 'काळा उन्हाळा'. पूर्वी वार काळा होत असे, आता ऋतूच काळा झाला.

नंतर निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तुलनेत अशा भडक हवेची शक्यता माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे किमान शेकडा तीसने वाढली आहे. 'किमान' हा शब्द विसरू नका. उष्णतेच्या लाटा त्यांच्या गणितापेक्षा प्रत्यक्षात जास्त वाढलेल्या दिसतात, म्हणून त्यांनी तो घातला. दुसरा एक हिशेब याहून बोलका आहे. ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत वर्षात दहा लाख हेक्टरांहून जास्त जळाले अशी साले गेल्या नव्वद वर्षांत चार. एक 1939 च्या उन्हाळ्याचे. उरलेली तिन्ही सन 2000 नंतरची.

या आकड्याचा अर्थ झाडाकडून समजून घ्या. तिथल्या थंड डोंगरांत 'अल्पाइन ॲश' या नावाची नीलगिरीचीच एक उंच जात आहे. मोठ्या आगीत हे झाड मरते, पण मरता मरता राखेत बी टाकते आणि त्यातून नवे रान उभे राहते. म्हणजे आग तिची वैरी नाही, फक्त तिला उसंत हवी. रोप वाढून पुरेसे बी धरायला सुमारे वीस वर्षे लागतात. 1939 नंतर उगवलेल्या रानाला ही उसंत मिळाली. परंतु 2003, 2006–07, 2009, 2013, 2019–20 अशा आगी त्याच डोंगरांत येत राहिल्या, आणि काही उतारांवर बी धरण्यापूर्वीच कोवळे रान दुसऱ्यांदा जळाले. तिथे आता हेलिकॉप्टरमधून बी पेरावे लागते. "पूर्वीही वणवे लागत होते" या वाक्यातला 'पूर्वी' आणि आजचा 'आता' यांत फरक कुठे आहे, तो इथे दिसतो. आग तीच; दोन आगींमधले अंतर गेले.

थंड हवेत मुद्दाम आग लावून जळण कमी करावे, हा मूळ रहिवाशांचा उपाय आता सरकारी खात्यांनीही उचलला आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहेत. ऋतू पुढे-मागे सरकला की अशी आग लावण्याजोगे दिवसही सरकतात, जुन्या महिन्यांवर भरवसा राहत नाही. आणि काळ्या शनिवारासारख्या दिवशी आग शेंड्यांवरून धावते, तेव्हा खालचा पाचोळा झाडलेला असला तरी ती फारशी थांबत नाही. जे लोक सगळा दोष जळणावर टाकतात, आणि जे सगळा हवेवर टाकतात, ते दोघेही मला अर्धे दप्तर वाचलेले वाटतात.

मॅकार्थरचे जुने माप 1 सप्टेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाने निवृत्त केले. जागी नवे, उपग्रहाच्या आणि गणकयंत्राच्या मदतीचे माप आले. गवताळ रान, झुडपी रान, उंच रान यांचा त्यात वेगवेगळा विचार होतो. वेशीवरचे फलक अजून आहेत. शंभर हा आकडाही ठेवला आहे, पण त्याचा अर्थ बदलला आहे. तिथून पुढे 'विनाशकारी' असा वर्ग सुरू होतो. 2009 पूर्वी माणसांना सांगत, तयारी असेल तर घरी थांबून घर राखा, नाही तर वेळेवर निघा. त्या दिवशीच्या 173 बळींपैकी 113 जण घरांतच सापडले होते. आता फलकावर तो शेवटचा रंग लागला की घर कितीही पक्के असले, बंब कितीही जवळ असला, तरी सूचना एकच असते: आदल्या रात्री, फार तर पहाटे, गाव सोडा.